डाव्या कोपराचं ठिगळ

४ जानेवारी

आज वर्दी घालून घरातून बाहेर पडले. प्रशिक्षणात वर्षभर घालत होतेच, पण तिथे सगळेच वर्दीत, कोण कुणाचं कौतुक करणार? आज जिन्यात शेजारीण भेटली आणि तिने चक्क अंग चोरून मला वाट दिली. हीच बाई मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीवरून माझ्याशी कडाकडा भांडली होती.

बाबांनी शर्ट दोनदा उसवून पुन्हा शिवला. सरकारी माप म्हणजे गोणपाट, असं त्यांचं ठाम मत. खांद्याला नीट बसेपर्यंत त्यांनी मला स्टुलावर उभं ठेवलं होतं. तोंडात टाचण्या, त्यामुळे काय पुटपुटत होते कळत नव्हतं. शेवटी टाचण्या काढून म्हणाले, "आता दिसतेस फौजदार. मघाशी फौजदाराची वर्दी पळवून आणल्यासारखी दिसत होतीस."

धाकटा म्हणाला, "ताई, मला आत टाकू नकोस म्हणजे मिळवली." म्हटलं, आधी स्वतःचं अंथरूण आवर, नाहीतर पहिला गुन्हा तुझ्याच नावावर. तो हसत हसत पार्सलांची पिशवी खांद्याला लावून कामावर गेला.

ठाणं बस आगारासमोर आहे. दुमजली, खालच्या मजल्यावर भिंतींना अर्ध्यापर्यंत तेलकट निळा रंग. मोठे साहेब फार हळू बोलतात. ऐकायला पुढे वाकावं लागतं, आणि वाकलं की लांबून बघणाऱ्याला वाटतं आपण मान डोलावतोय. मला हाताखाली एक हवालदार दिलेत, बाबांच्या वयाचे. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना काका म्हणते. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातलं अर्धं अंडं त्यांनी न विचारता उचललं, तेव्हा आमचं जमणार हे कळलं.

९ जानेवारी

हरवलेली पाकिटं, गाड्या लावण्यावरून भांडणं, एका आजोबांचा पोपट. गुन्हेगार कुठे आहेत या शहरात? काका म्हणाले, "मॅडम, घाई करू नका. येतात ते आपल्या पावलांनी."

१५ जानेवारी

आले.

आमच्या बंद पडलेल्या शाळेमागच्या गल्लीत, दिवेलागणीला. कोपऱ्यावरचे औषधवाले दुकान बंद करून घरी चालले होते. मागून स्कूटर आली, स्कूटरवाल्याने जाता जाता त्यांच्या खांद्यावरची बॅग ओढली. बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळलेला, त्यामुळे माणूसही ओढला गेला. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. मी इस्पितळात होते तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. त्यांची बायको सारखी सांगत होती, पट्टा हाताला गुंडाळायची सवय मीच लावली हो, पडू नये म्हणून.

बघणारी एकच. आणि ती कोण, तर आमच्या भूगोलाच्या बाई! सातवीत मला नकाशा उलटा धरला म्हणून वर्गाबाहेर काढणाऱ्या. निवृत्त होऊन त्याच गल्लीत राहतात. फाटकापाशी झाडांना पाणी घालत होत्या. वळणावर स्कूटर घसरली, तो पडला, उठला, बाईंकडे समोरासमोर बघितलं आणि स्कूटर उचलून गेला. हेल्मेट नाही. बाई म्हणतात, लाखात ओळखीन. मी इस्पितळात असल्यामुळे त्यांचा जबाब काकांनी घेतला. तरुण, सडपातळ, दाढीचे खुंट, हिरवं जाकीट, घरोघर पार्सलं देणारी पोरं घालतात तसं.

साहेब म्हणाले, अशी जाकिटं शहरात किती असतील? म्हटलं, साहेब, आमच्याच घरात एक आहे. सगळे हसले.

घरी आले तर धाकटा आधीच पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला. आणि मी मात्र कोणाला तरी सगळं सांगायला नुसती तळमळत होते. शेवटी बाबांना सांगितलं. ते काज करता करता ऐकत होते. म्हणाले, "वाईट झालं. चांगला माणूस. उधारीवर औषध द्यायचा."

१७ जानेवारी

धाकटा लंगडतोय. कुत्रं आडवं आलं म्हणे, स्कूटरचा दिवा पण फुटला. मला सांगायला काय झालं होतं? तर म्हणे तू बोंबलशील म्हणून. बोंबललेच. मग पाय मांडीवर घेऊन मलम चोळलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोललाय. आई गेली तेव्हा हा दुसरीत होता. तेव्हापासून याचे गुडघे मीच पुसत आलेय, आता फक्त गुडघा मोठा झालाय.

थंडी एवढी आणि हा नुसत्या शर्टावर. जाकीट कुठाय विचारलं तर म्हणाला, "फाटलं. बाबांना सांगितलं टाकून द्या." कामावरही गेला नाही. बरा होईपर्यंत जाऊ नकोस, असं मीच म्हटलं.

२१ जानेवारी

माझी पहिली अटक!

कालव्याच्या पुलापाशी भंगारवाल्याची हातगाडी आडवी उभी होती. मी गाडी बाजूला घ्यायला सांगायला उतरले, तर पत्र्यांच्या खाली तपकिरी चामड्याची बॅग. तुटका पट्टा. आत औषधवाल्यांचा चष्मा आणि दुकानाचा शिक्का. त्याला हटकलं, आवाज बरा निघाला. तो पळाला नाही. उलट मलाच विचारलं, "ताई, गाडी कुठे लावू? कुणी नेईल."

पंचविशीचा असेल. बारीक, दाढीचे खुंट.

साहेबांनी स्वतः उठून हात मिळवला. सगळ्या ठाण्यासाठी चहा सांगितला. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी मशीन थांबवलं. धाकट्याने सगळं दोन-दोनदा विचारलं: कोण आहे, काय म्हणतो, कबूल झाला का? पहिल्यांदाच त्याला माझ्या कामात एवढा रस आला. मग म्हणाला, "त्याला सोडतील ना?" म्हटलं, सोडायला का मी पकडलंय? त्याने ताट तसंच ठेवलं.

२३ जानेवारी

भंगारवाला एकच धरून बसलाय: बॅग कालव्याच्या झुडपात सापडली. काका म्हणाले, "सगळ्यांना झुडपातच सापडतं." मी म्हटलं, पण काका, तो म्हणतो त्याला स्कूटर चालवताच येत नाही. ही गोष्ट मी साहेबांनाही सांगितली. साहेब नेहमीसारखे हळूच म्हणाले, "येत नाही हे तो दाखवणार कसं?"

मला हसू आलं. मग घरी येताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं आणि तेवढं हसू येईना.

२६ जानेवारी

भंगारवाल्याची बायको रोज सकाळी येऊन ठाण्याच्या बाकावर बसते. भांडत नाही, रडत नाही. डबा मांडीवर. आत पाठवला की रिकामा परत घेऊन जाते. आज मी तिच्याजवळून जाताना ती उठून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. मला वर्दीचा मान हवा होता, पण असला नको.

घरी मात्र मजा. बाबांनी डब्यासाठी पिशवी शिवलीय! गडद हिरवी, आतून अस्तर, रुंद पट्टा, बाहेरून खिसा. आणि खिसा कशाचा? माझ्या शाळेच्या फ्रॉकच्या कापडाचा, निळी-पांढरी चौकडी. मी ओरडलेच. ती शाळा बंद होऊन किती वर्षं झाली, हे कापड आता कुणाकडे असणार? बाबा म्हणाले, "माझ्याकडे असतं. तुझे फ्रॉक काय टाकून दिले होते मी? याच्या जाकिटाच्या कोपराला कामाला आलं. तू प्रशिक्षणाला होतीस तेव्हा." म्हणजे पिशवी धाकट्याच्या जुन्या जाकिटाची. तो टाकून द्या म्हणाला आणि बाबांनी टाकलं नाही. बाबांना कापड टाकायला सांगणं म्हणजे पाण्याला वर चढायला सांगणं.

धाकटा आला, पिशवी बघितली आणि एकदम तापलाच. "टाका म्हटलं होतं ना मी! सांगितलेलं कळत नाही का?" बाबांशी तो असा कधी बोलत नाही. पिशवी ओढायला आला, मी दिली नाही. म्हटलं, तुला नाही शिवली म्हणून जळतोस होय? तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि बाहेर निघून गेला. या वयातही लहान मुलासारखं वागतो.

३० जानेवारी

आज ओळख परेड होती आणि आज मी सगळ्या शहरात हसं करून घेतलं.

परेडला आरोपीसारखे दिसणारे सात-आठ जण रांगेत उभे करायचे असतात, म्हणजे साक्षीदाराला नीट पारखून ओळखावं लागतं. माणसं गोळा करायचं काम नव्या अधिकाऱ्याचं, ही इथली रीत. आगारातून, चहाच्या टपरीवरून, कुठून कुठून पोरं आणली. ऐन वेळी एक पळाला. दंडाधिकारी साहेब येऊन बसलेले, सर्दीने बेजार, सारखे घड्याळ बघतायत. मला काय सुचलं? बारीक, तरुण, दाढीचे खुंट. धाकट्याला फोन लावला.

तो नाही म्हणाला. मी गयावया केली, मग दम दिला. म्हटलं, बहिणीच्या अब्रूचा प्रश्न आहे, दहा मिनिटं उभं राहायचं, तेवढं पण होत नाही? तो आला. टोपी घालून आला. दंडाधिकाऱ्यांनी टोपी काढायला लावली.

परेडच्या खोलीत पोलीस नसतात. पण दाराला काच आहे. बघायचं नसतं, पण दिसतं. भूगोलाच्या बाई आत गेल्या, वर्गात हजेरी घेतल्यासारख्या एकेकासमोरून गेल्या. भंगारवाल्यासमोर थांबल्या, पुढे सरकल्या. धाकट्यासमोर आल्या. ज्याला ओळखलं त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा असतो. बाईंनी हात ठेवला. जरासुद्धा डगमगल्या नाहीत.

काका हसायला लागले, मीही. टपरीवाला पोरगा तर पोट धरून. धाकटा तेवढा हसला नाही. बाईंचा हात उचलला गेल्यावरही तो तसाच उभा होता, कुणी त्याला "झालं, जा" म्हणेपर्यंत.

रात्री जेवताना मी बाबांना नक्कल करून दाखवली. धाकटा ताटावर नव्हता.

३१ जानेवारी

साहेबांनी बोलावलं. मला वाटलं झाडणार. झाडलं नाही. उलट बस म्हणाले.

"अधिकाऱ्याचा सख्खा भाऊ रांगेत उभा करायचा नसतो, माहीत नव्हतं?"

नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं.

"होतं असं. या एका गोष्टीमुळे कालची परेड रद्द धरता येईल. पुन्हा घेऊ." मग विचारलं, "काय करतो भाऊ?"

सांगितलं, पार्सलं पोचवायचा, सध्या घरीच आहे, पाय दुखावलाय. साहेब खिडकीतून आगाराकडे बघत होते. "कसा दुखावला?" कुत्रं आडवं आलं. "अच्छा," म्हणाले. मग म्हणाले, "हे असलं दुसऱ्या कुणाला सांगत बसू नकोस. घरची माणसं घरीच बरी."

केवढा समजूतदार माणूस! दुसरा असता तर नोकरीच घालवली असती.

३ फेब्रुवारी

साहेबांनी मला भूगोलाच्या बाईंकडे पाठवलं. पुन्हा परेड आहे, धीर दे म्हणाले, तुझं ऐकतील.

बाईंनी चहा केला, बिस्किटं काढली. सुरुवातीला मस्त गप्पा झाल्या. मी म्हटलं, बाई, एक गंमत सांगते, तुम्ही ज्याच्या खांद्यावर हात ठेवलात ना, तो माझा भाऊ! त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ? सख्खा?" म्हटलं, सख्खा, माणसं कमी पडली म्हणून मीच उभा केला. त्या कपातला चहा ढवळत राहिल्या. साखर तर त्या घेतच नाहीत.

मग निघताना मी खुर्चीवरची पिशवी उचलली आणि त्यांची नजर खिशावर गेली. त्यांनी हात लावून बघितला. "आपल्या शाळेचं कापड." मी खूश झाले. म्हटलं, ओळखलंत ना! बाबांनी शिवली, भावाच्या जुन्या जाकिटाची. हे त्याच्या कोपरावर होतं म्हणे.

बाईंनी हात असा मागे घेतला की कप कलंडला. मी पुसायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे. तू हे मला दाखवायलाच आणलंस का?" म्हटलं, हो, म्हणजे नाही, रोजच डबा असतो यात. त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि मी फाटक ओलांडायच्या आत कडी लागली. नंतर आतून दुसरी कडी पण लागली.

वय झालंय. एकट्या राहतात. भीती बसलीय मनात. साहेबांना सांगितलं तसं. साहेबांनी विचारलं, "पिशवी बघितली त्यांनी?" मी मधली सगळी हकिकत सांगितली होती, त्यातलं एवढंच त्यांनी धरलं. पिशवी हातात घेऊन उलटीपालटी केली, पट्टा ओढून बघितला आणि परत दिली. "वडील छान शिवतात," म्हणाले.

७ फेब्रुवारी

औषधवाले गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

आता हा खुनाचा गुन्हा. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, ढिलाई चालणार नाही, वरून विचारणा आहे, माणूस आपल्या हातात आहे.

बाबांनी शिवणाचं दुकान बंद ठेवलं. धाकटा न्हाणीघरात गेला तो बाहेरच येईना. दार ठोठावलं तर आतून पाण्याचा आवाज. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "ताई, मरेल असं कुणाला वाटलं होतं?" मी त्याला जवळ घेतलं. एवढा हळवा आहे, आणि मी उगाच त्याला दगड म्हणते.

पण झोप येत नाहीये. काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. गॅस बंद केलाय, दार लावलंय. दोनदा बघून आले.

१० फेब्रुवारी

दुसरी परेड. या वेळी माणसं काकांनी आणली.

बाई आत गेल्या. सरळ भंगारवाल्यापाशी गेल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. झालं. सगळ्यांचे चेहरे फुलले.

पण मी बघितलं ते लिहून ठेवते. हात ठेवताना बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. दाराच्या काचेतून त्या माझ्याकडे बघत होत्या. वर्गात उत्तर चुकलं का बरोबर हे कळायला आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघायचो, तसं त्या माझ्या तोंडाकडे. आणि बाहेर आल्यावर, सातवीत मला पट्टीने मारणाऱ्या बाई, मला म्हणाल्या, "आता मला कुणी त्रास देणार नाही ना, मॅडम?"

मॅडम. मी म्हटलं, बाई, असं काय बोलता? त्या रिक्षात बसून गेल्या.

भंगारवाल्याची बायको बाकावर होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने मला विचारलं, "आज सोडतील का?"

१८ फेब्रुवारी

लिहू की नको.

दुपारी काका आणि मी जेवत होतो. पिशवी टेबलावर, डब्याशेजारी. काका मजेत होते, निवृत्तीनंतर कोंबड्या पाळणार वगैरे. मग प्रकरणाकडे वळले. म्हणाले, "बाईंनी पहिल्या दिवशी मला काय सांगितलं माहीत आहे? चेहरा राहिला बाजूला, जाकिटाच्या डाव्या कोपराला ठिगळ होतं म्हणे, आमच्या शाळेच्या फ्रॉकचं कापड, निळी चौकडी. म्हटलं, बाई, अंधार पडत होता, तुम्हाला शाळाच दिसते सगळीकडे. साहेब म्हणाले असलं काही घालू नका जबाबात, वकील टर उडवतील. नाहीतरी आता ते ठिगळ कुठून..."

काकांचा घास हातातच राहिला. ते पिशवीकडे बघत होते. मीही बघत होते.

आगारात कुठल्यातरी बसचा भोंगा बराच वेळ वाजत होता. काकांनी हात पुसले, पिशवी टेबलावरून उचलली आणि खाली माझ्या पायांशी ठेवली, खिशाची बाजू भिंतीकडे करून. मग म्हणाले, "जेवा मॅडम. गार होतंय."

मी जेवले. डबा रिकामा केला.

१९ फेब्रुवारी

त्याला काही विचारलं नाही. तो माझ्यासमोर बसून नखं कुरतडत होता. म्हणाला, "रोज वाटतं, आज तू विचारशील."

म्हटलं, "भात वाढू?"

२० फेब्रुवारी

साहेबांच्या दारापर्यंत गेले. आत जाऊन सांगायचं पाठ केलं होतं: साहेब, पहिली ओळखच खरी होती. एवढंच वाक्य. साहेबांनी मान वर केली, हसले, हातातला कागद दाखवला. माझी नोकरी कायम करावी अशी शिफारस. "पहिल्याच वर्षी खुनाचा छडा. असं कुणाला मिळतं?" मी पुढे वाकले, कारण ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, "काही सांगायचं होतं?"

मला त्यांचे डोळे दिसले आणि कळलं की यांना ऐकायची गरजच नाही. ३१ जानेवारीपासून नाही.

"नाही साहेब," म्हटलं.

मला भीती वाटते. आधी वाटायचं, वर्दी घातली की लोक आपल्याला घाबरतात. कुणाला घाबरायचं ते वर्दी घातल्यावर कळतं हे ठाऊक नव्हतं.

१८ जून

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं लिहायला घेतलं होतं, पण निदान इथे तरी नको.

धाकट्याला दुसरं काम मिळालंय, गोदामात. स्कूटरला नवा दिवा बसवलाय. हसतो पण अधूनमधून. परवा बाबांना म्हणाला, यंदा ताईला चांगले बूट घेऊ. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळस आली.

भंगारवाल्याची बायको आता बाकावर नसते. त्याला मोठ्या तुरुंगात हलवलंय, तिकडे जात असेल. बाक रिकामा असला तरी मी लांबून वळसा घालून आत जाते.

परवा माझी साक्ष आहे.

पिशवी मी फेब्रुवारीपासून वापरत नाही. आज कपाटातून काढली आणि खिसा उसवायला घेतला. ब्लेडने एकेक टाका. बाबांचे टाके बारीक, निघता निघत नाहीत. तळहाताएवढा कापडाचा तुकडा आणि त्याला एवढा वेळ. जाळायचं ठरवलं होतं. काडी पेटवली आणि तेवढ्यात बाबा आले.

"अगं, खिसा का उसवलास?"

"फाटत आला होता."

"दाखव. छे, कापड धडधाकट आहे. पंधरा वर्षं झाली, रंग बघ." त्यांनी ते बोटांवर ताणून उजेडात धरलं. "तुझा पाचवीचा फ्रॉक. मग त्याचं कोपर. मग पिशवी. आण इकडे, वर्दीच्या पँटचा खिसा आतून गेलाय म्हणत होतीस ना? त्याला लावून देतो. आत कोण बघतंय."

मी नको म्हणू शकले असते. एका शब्दाचं काम. बाबा मशीनवर बसले, चष्मा वर केला, दोरा ओवला. मी दाराला टेकून उभी राहिले. त्यांना काही माहीत नाही. माहीत नसलेलं माणूस घरात आता तेवढं एकच उरलंय. मशीन चालू झालं.

२० जून

साक्ष झाली.

वकिलांनी विचारलं, बॅग कुणाच्या ताब्यात मिळाली? म्हटलं, आरोपीच्या. ती मयताचीच होती का? हो. आरोपीने पळायचा प्रयत्न केला का? नाही. तेवढं मी जोरात म्हणाले. परेडबद्दल विचारलं. पहिली रद्द झाली, माझ्या चुकीमुळे, असं सांगितलं. काय चूक? माझा भाऊ रांगेत उभा केला. कोर्टात थोडा हशा पिकला, न्यायाधीशही हसले. भंगारवाला हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, राग नव्हता त्याच्या तोंडावर, आता मी पुढे काहीतरी सांगणार आहे असा बघत होता. त्याची बायको मागच्या रांगेत, डबा मांडीवर.

माझा हात सगळा वेळ पँटच्या खिशात होता. साहेबांनी समोरून खूण केली तेव्हा बाहेर काढला.

एकही शब्द मी खोटा बोलले नाही. जे विचारलं नाही ते सांगितलं नाही. आणखी काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी खरंच विचारलं. मी "नाही" म्हटलं. म्हणजे एक शब्द.

बाहेर आले तर धाकटा स्कूटर घेऊन फाटकापाशी थांबला होता. ऊन होतं म्हणून माझ्यासाठी पाण्याची बाटली आणलेली. मी मागे बसले. रस्त्यात खड्डे फार, पडायला होईल म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो दचकला. मग स्कूटर सुरू केली आणि आम्ही घरी आलो.